तांब्याची वाटी ठोकताना ताव कधी द्यायचा

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत मी ठोकायला शिकले ते कानाने. मऊ चकतीवर मोगरी पडली की 'धप्प' असा दबका आवाज येतो. दोन-तीन फेऱ्या झाल्या की तोच 'टण्ण' होतो, मोगरी उसळते आणि मनगटाला कळतं की पत्रा कडक झाला. तिथेच थांबायचं आणि ताव द्यायचा, म्हणजे पत्रा तापवून पुन्हा मऊ करायचा.

घरी करायचं असेल तर 20 गेजचा, म्हणजे साधारण 0.9 मिलिमीटर जाडीचा पत्रा घ्या आणि सहा इंचांची चकती कापा. डोळ्यांवर चष्मा हवाच. बर्नरने चकती तापवा, पण अंधाऱ्या कोपऱ्यात. उन्हात रंग कळत नाही आणि हमखास जास्त तापते. मंद लाल झाली की चिमट्याने पाण्यात बुडवा. पोलादाची छिन्नी अशी विझवली तर कडक होते. तांबं मऊच राहतं, वर काळी खपली सुटते ती वेगळीच. मग चिंच-मीठ लावून घासा. ओंडक्यातल्या खळग्यावर ठेवून काठाकडून मध्याकडे गोल गोल ठोकत जा.

कडक का होतं? तांब्यात अणूंच्या ओळी रचलेल्या असतात आणि त्या रचनेत कुठे कुठे चूक असते. घाव बसला की ही चूक पुढे सरकते, म्हणून पत्रा वाकतो. शास्त्रात तिला विस्थापन म्हणतात. ही कल्पना 1934 साली टेलर, ओरोवान आणि पोलान्यी यांनी स्वतंत्रपणे मांडली. घावागणिक विस्थापनं वाढतात आणि एकमेकांना अडवतात. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर पाऊल टाकता येत नाही, तसं. ताव दिला की धातूतल्या जुन्या कणांच्या, म्हणजे बारीक स्फटिकांच्या, जागी नवे, मोकळे कण तयार होतात.

माझ्या पहिल्या वाटीला घाईत दुसरा ताव दिला नाही. काठाला बोटभर चीर गेली. चीर ठोकून बुजत नाही, काठच कापावा लागला. उलट फार वेळ तापवलं तर कण मोठे होतात आणि ठोकल्यावर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत दिसतो.

आकार आला की शेवटचा ताव द्या आणि मग मठार. गुळगुळीत तोंडाचा हातोडा, खाली लोखंडी ऐरण, एक घाव दुसऱ्याला जरासा चढलेला. ते चमकते ठसे म्हणजे नुसती नक्षी नव्हे. भांड्याला ताकद तेच देतात. यानंतर पुन्हा तापवू नका. कान ब्रेझिंगने, म्हणजे तापवून डाक देऊन, जोडायचे असतील तर मठारण्याआधीच जोडा. रिव्हेट मारणार असाल तर नंतरही चालेल.