एआय विकत घेण्याआधी गोदामातली वही वाचा : व्यवसायाची तयारी करताना या चुका टाळा

व्यवसायात एआय आणण्याच्या पहिल्याच बैठकीत ‘कोणते सॉफ्टवेअर घ्यायचे’ हा प्रश्न आला की पुढचा प्रकल्प कुठे अडकणार याचा मला अंदाज येतो. नेमके कोणते काम सुधारायचे आहे, ते आज कोण करते, त्याला किती वेळ लागतो आणि त्यातली चूक कोणाच्या लक्षात येते, यांपैकी काहीच ठरलेले नसते. वर्षभराच्या परवान्याची रक्कम मात्र मंजूर झालेली असते. अशा वेळी मी एक कागद भरून मागतो. त्यावर कामाचे नाव, ते प्रत्यक्ष करणाऱ्या माणसाचे नाव आणि आजचे आकडे, म्हणजे दिवसाला किती बिले तपासली जातात आणि त्यांतली किती दुरुस्तीसाठी परत येतात, एवढेच लिहायचे असते. हा कागद भरता येत नसेल तर खरेदी थांबवावी असे माझे स्पष्ट मत आहे, कारण आधीचा आकडाच हाताशी नसेल तर सुधारणा झाली की नाही हे नंतर कोणालाही सांगता येत नाही.

सर्वांत जास्त वेळ आणि पैसा वाया जातो तो डेटाच्या बाबतीत. ‘आमच्याकडे दहा वर्षांचा डेटा आहे’ असे अभिमानाने सांगितले जाते, पण तो कशासाठी नोंदवला गेला होता याचा विचार फार थोडे लोक करतात. हिशेबासाठी ठेवलेली नोंद हिशेबापुरती चोख असते. तिच्यावरून उद्याची मागणी ओळखता येईलच असे नाही.

यंत्रांचे सुटे भाग पुरवणाऱ्या एका कंपनीत मी हे जवळून पाहिले. तिथे जुन्या नोंदींवरून शिकून मागणीचा अंदाज बांधणारे मॉडेल, म्हणजे एआयचा प्रोग्राम, आधीच सुरू झाले होते आणि सर्वाधिक खपणाऱ्या एका बेअरिंगची मागणी घटत असल्याचे ते दाखवत होते. खरेदी विभागाने त्यावर विश्वास ठेवून मागवायचे नग कमी केले आणि थोड्याच काळात ग्राहक रिकाम्या हाताने परत जाऊ लागले. विक्रीच्या नोंदी उघडल्या तेव्हा त्या बेअरिंगपुढे कितीतरी दिवस शून्य होते. ते शून्य माल संपल्यामुळे आलेले होते, पण मॉडेलच्या दृष्टीने माल नसल्याचे शून्य आणि गिऱ्हाईक नसल्याचे शून्य यांत फरक नव्हता. खरेदी घटल्यामुळे साठा आणखी लवकर संपू लागला, नोंदींतली शून्ये वाढली आणि पुढचा अंदाज आणखी खाली गेला. खोलात गेल्यावर तेच बेअरिंग तीन क्रमांकांखाली नोंदवलेले सापडले: एका क्रमांकात आडवी रेघ होती, दुसऱ्यात मोकळी जागा आणि तिसऱ्यात शून्याच्या जागी इंग्रजी ‘ओ’ हे अक्षर.

या सगळ्याचे उत्तर गोदाम सांभाळणाऱ्या ज्येष्ठ कर्मचाऱ्याच्या वहीत होते. माल नसल्यामुळे परत गेलेल्या प्रत्येक ग्राहकाची तारीख, भागाचा क्रमांक, मागितलेले नग आणि शेवटी ‘नाही दिला’ हे दोन शब्द त्यांनी ओळीने लिहून ठेवले होते. प्रकल्पाच्या एकाही बैठकीला त्यांना बोलावले गेले नव्हते. ‘पुरेसा डेटा दिला की मॉडेल आपोआप शिकते’ असे मला सांगितले जाते तेव्हा ही वही आठवते. जी माहिती त्या संगणकात कधी गेलीच नव्हती, ती मॉडेल कोठून शिकणार होते?

म्हणून माझी सवय ठरलेली आहे. मी नोंदींतल्या शंभरएक ओळी छापून घेतो आणि त्या भरणाऱ्या माणसाशेजारी बसून एकेक रकाना वाचतो. हा रकाना रिकामा का, ही रक्कम ऋण का, हा शेरा कोणी आणि का सुरू केला, असे प्रश्न विचारत गेले की मालपरतीच्या नोंदी विक्रीत मिसळल्याचे किंवा एका शाखेने वेगळीच पद्धत पाळल्याचे बाहेर येते. आठवड्याभरात प्रात्यक्षिक पाहण्याची घाई असलेल्यांना हे काम कंटाळवाणे वाटते. माझ्या मते हेच मुख्य काम आहे आणि ते बाहेरच्या कंपनीला पूर्णपणे सोपवता येत नाही, कारण त्या शेऱ्यांचा अर्थ आतल्या माणसांनाच ठाऊक असतो.

नोंदी व्यवस्थित असूनही धोका उरतो. नोकरीच्या अर्जांची छाननी करण्यासाठी ॲमेझॉनने बनवलेले प्रायोगिक साधन सुमारे दहा वर्षांच्या जुन्या अर्जांवर शिकवले होते. त्यांतले बहुतेक अर्ज पुरुषांचे असल्याने ते साधन स्त्रियांच्या अर्जांना डावलू लागले आणि अखेर सोडून द्यावे लागले, हे २०१८ मध्ये उघड झाले. जुन्या निर्णयांतला पक्षपात मॉडेल इमाने इतबारे पुढे चालवते.

अचूकतेच्या एका टक्केवारीवर भाळू नये. शंभरांत दोन बिले खोटी असतील, तर सगळीच खरी म्हणणारे निरुपयोगी साधनही ९८ टक्के अचूक ठरते. दोनांपैकी किती पकडली, हे विचारावे.

गोपनीय मजकूर कोठे पेस्ट करायचा नाही, याचा लेखी नियम पहिल्या दिवसापासून हवा. सॅमसंगच्या कर्मचाऱ्यांनी अंतर्गत सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, चॅटजीपीटीत टाकल्याचे २०२३ मध्ये समोर आले आणि कंपनीला अशा साधनांच्या वापरावर बंदी घालावी लागली.

चाचणीसाठी निवडक, सोपी प्रकरणे घेऊ नयेत.

आणखी एक चूक जबाबदारीची आहे आणि ती मला अधिक अस्वस्थ करते. एअर कॅनडा या विमान कंपनीच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सांगितले की निकटच्या नातेवाइकाच्या निधनानिमित्त मिळणारी भाडेसवलत प्रवासानंतरही मागता येते. कंपनीचा नियम नेमका उलट होता. प्रकरण न्यायाधिकरणापुढे गेले तेव्हा चॅटबॉट हा स्वतःच्या कृतींना स्वतः जबाबदार असलेला वेगळा घटक आहे, असा युक्तिवाद कंपनीने केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो फेटाळला गेला आणि कंपनीला भरपाई द्यावी लागली. आपल्या नावाने ग्राहकाला दिलेले उत्तर आपलेच असते, एवढी साधी गोष्ट खरेदीपूर्वी मान्य केली की पुढचे अनेक निर्णय सोपे होतात.

‘शेवटी माणूस तपासतोच’ हे आश्वासन मी कागदावर कधीच मान्य करत नाही. दिवसभरात शेकडो शिफारशींवर ‘मंजूर’ दाबणारा कर्मचारी लवकरच वाचणे सोडून देतो, आणि त्यात दोष त्याच्या आळसाचा नसून कामाच्या रचनेचा असतो. मी जाणूनबुजून चुकीची प्रकरणे त्या गठ्ठ्यात मिसळायला लावतो आणि त्यांतली किती अडवली गेली हे मोजतो. बहुतेक सुटत असतील तर एकेका माणसाकडची प्रकरणे कमी करावी लागतात, मग त्यामुळे बचतीचा आकडा घटला तरी चालेल. साधन सुरू करण्यापूर्वी आणखी एक नाव लिहून घ्यावे: गडबड दिसताच कोणालाही न विचारता ते बंद करण्याचा अधिकार असलेल्या व्यक्तीचे. ती व्यक्ती रोज त्या कामाशेजारी बसणारी असावी, आणि बंद केल्यानंतर जुन्या पद्धतीने काम कसे चालवायचे याची एक तालीम तिच्याकडून आधीच करून घ्यावी.