मे महिन्याचा सल्ला: बागेला वाऱ्याची आड कोणत्या अंगाला करायची?

संत्र्याच्या बागेला झाडांची आड करायची असेल तर खड्डे आत्ता, मे महिन्यातच खणून उन्हात तापू द्यावेत. ते कोणत्या धुऱ्यावर (बांधावर) खणायचे, हे मात्र काल सुटलेल्या वादळावरून ठरवू नका. वळवाच्या ढगाखालचा वारा कुठूनही येतो. झाडं वीसेक वर्षं उभी राहणार, तेव्हा हिशेब वर्षानुवर्षांच्या वाऱ्याचा धरावा. हवामान खातं आपली सरासरी काढतं तीही ३० वर्षांच्या नोंदींवरून.

नागपूरच्या वाऱ्याची वर्षभराची चाल साधारण ठरलेली आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारी तो मावळतीकडून, वायव्येकडून येतो. तापलेल्या कोरड्या मुलखावरून येत असल्याने अंग भाजतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत जोर पश्चिम-नैऋत्येचा. पाऊस परतला की ऑक्टोबरनंतर उत्तर आणि ईशान्येचा वारा धरतो. एवढा मोठा भूखंड समुद्रापेक्षा लवकर तापतो आणि लवकर निवतो, त्यामुळे ही उलटापालट दर वर्षी होते. (बातमीपत्रात ‘वायव्येचा वारा’ म्हटलं तर तो वायव्येकडून येतो असं समजावं. इथे बऱ्याच जणांची गफलत होते.)

म्हणजे पश्चिम आणि उत्तर या दोन धुऱ्यांवर झाडं लावली की उन्हाळ्याची झळ, पावसाळ्यातला झोत आणि पुसातली थंडी, तिन्ही बऱ्यापैकी अडतात. दक्षिणेला उंच झाडं नकोत, हिवाळ्यात त्यांची सावली बागेवरच पडते. शेवरी, शेवगा, बांबू, सुरू, जांभूळ यांतलं जमिनीला मानवेल ते घ्या. बेल, कवठ आणि कढीलिंब मात्र टाळा, संत्र्याची पानं खाणारी फुलपाखराची अळी त्यांच्यावरही वाढते. रांग भिंतीसारखी गच्च करू नका. वारा थोडा गाळून गेला पाहिजे, नाहीतर तो वरून उडी घेऊन पलीकडे भोवरे करतो आणि नेमक्या तिथल्याच फांद्या मोडतात. मधे खिंडार राहिलं तर तिथून वारा आणखी जोराने घुसतो. झाडाच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत चांगला आडोसा मिळतो, म्हणजे २० फुटांच्या रांगेमागे २०० फूट. संत्र्याच्या पहिल्या ओळीपासून १५-२० फूट लांब राहा आणि मधे चर खणा, नाहीतर बाहेरच्या झाडांच्या मुळ्या बागेचं पाणी पितील.

ही रांग मोठी होईपर्यंत दोन-तीन उन्हाळे जातील. यंदाच्या आंबिया बहराची (जानेवारी-फेब्रुवारीत फुललेल्या) बोराएवढी फळं आत्ताच गळतायत, कारण गरम वाऱ्यात पान जेवढं पाणी टाकतं तेवढं मुळ्या पुरवू शकत नाहीत. पाणी संध्याकाळी किंवा पहाटे द्या, थोडं पण नेमाने. खूप ताण देऊन एकदम भरपूर पाणी सोडलं तर गळ आणखी वाढते. आळ्यात सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) अंथरा. नव्या कलमांना पश्चिम बाजूने तुराट्यांचा (तुरीच्या काड्यांचा) किंवा पऱ्हाटीचा (कपाशीच्या काड्यांचा) आडोसा नवतपा, म्हणजे मेअखेरचे तापणारे नऊ दिवस, लागण्याआधी उभा करा. तुषार संच दुपारी चालवणं म्हणजे अर्धं पाणी शेजाऱ्याला देणं.

धुरे पेटवायची सवय सोडलेलीच बरी. मे महिन्यातल्या दुपारी ठिणगी कुठवर जाईल याचा भरवसा नाही, आणि ठिबकच्या नळ्या तर पहिल्यांदा जळतात.

फवारणीला मात्र त्या दिवशीचा, त्या घटकेचा वारा पाहावा लागतो. वावराच्या मधोमध बांबूला रिबन बांधा. ती हलकी हलत असेल तेव्हा फवारा, वारा पाठीशी किंवा बाजूने ठेवून. फडफडत असेल तर पंप खाली ठेवा. अगदी निपचित पहाटही चांगली नाही, बारीक थेंब हवेत तरंगत राहतात आणि नाकात जातात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना झालेली विषबाधा आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. पुरुषभर वाढलेल्या कपाशीत हातमोजे, मास्क आणि अंगभर कपडे लागतातच.

राहिली पेरणी. मेअखेर एखादी जोराची सर येते, मातीचा वास सुटतो आणि हात शिवशिवतात. दुसऱ्या दिवशी वायव्येचा कोरडा वारा परतला तर वरची ओल तीन-चार दिवसांत उडते आणि दुबार पेरणी नशिबी येते. विदर्भात मोसमी पाऊस साधारण जूनच्या मध्यापर्यंत पोचतो. रिबन सलग काही दिवस पश्चिम-नैऋत्येचाच वारा दाखवू लागली, हवा दमट झाली आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस मुरला, की कपाशी-सोयाबीनचं बियाणं काढा.