बोलोन्याला उतरा: एमिलिया-रोमान्याची तयारी

फ्लोरेन्सहून व्हेनिसला जाणारी गाडी बोलोन्याला थांबते आणि सुटते. इटलीला जाणारी आपली बहुतेक मंडळी खिडकीतून स्टेशन बघून पुढे जातात. माझं कळकळीचं सांगणं आहे की पुढच्या खेपेला तिथे उतरा आणि निदान पाच रात्री राहा. बोलोन्या ज्यात येतं त्या एमिलिया-रोमान्या प्रांतात खाणं आणि इतिहास वेगवेगळे काढताच येत नाहीत. पण इथे आयत्या वेळी गेलं की अर्धं हातचं जातं, म्हणून ही तयारी.

सुरुवात तारखांपासून करा. मे, किंवा मध्य सप्टेंबर ते ऑक्टोबर हे दिवस सगळ्यांत बरे. पो नदीच्या या सपाटीवर जुलै-ऑगस्टमध्ये दमट उकाडा असतो आणि 15 ऑगस्टच्या आसपास घरगुती खाणावळींना कुलपं लागतात. सोमवारी बरीच संग्रहालयं बंद असतात, तो दिवस बाजारहाटासाठी ठेवा. इटलीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ लागतो, तेव्हा ते काम लांबणीवर टाकू नका. प्रवास विमा किमान 30,000 युरोचा हवा, आणि परतीच्या तारखेनंतर पासपोर्ट अजून तीन महिने तरी वैध हवा.

मुक्काम एकाच ठिकाणी, बोलोन्यातच ठेवा. इ.स.पू. 187 मध्ये मार्कस एमिलियस लेपिडस या रोमन कॉन्सलने रिमिनीपासून पिआचेन्झापर्यंत सरळ रस्ता बांधला. एमिलिया हे नाव त्यावरूनच आलं. बोलोन्या, मोदेना, पार्मा ही सगळी त्या एका रस्त्यावरची गावं, आणि आजची रेल्वेही त्याच्या सोबतीने धावते. लोकलसारख्या प्रादेशिक गाडीने मोदेना अर्ध्या तासात येतं, पार्मा तासाभरात. फेरारा आणि रावेन्ना या रस्त्यावर नाहीत, तरी जाऊन-येऊन एका दिवसात होतात. कागदी तिकीट घेतलंत तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारा, नाहीतर दंड भरावा लागतो. गाडी भाड्याने घेऊन जुन्या शहरात शिरू नका. आत वाहनबंदीचे पट्टे आहेत आणि कॅमेरे नंबर टिपतात.

आता आगाऊ ठरवण्याची सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट: पार्मिजानो रेज्जानो या चीजची डेअरी. भेट आधी ठरवावी लागते आणि सकाळी आठ-नऊला पोचावं लागतं, कारण दुपारी बघण्यासारखं फार उरत नाही. आदल्या संध्याकाळचं दूध रात्रभर ठेवून वरची साय काढतात, त्यात सकाळचं ताजं दूध मिसळून तांब्याच्या उलट्या घंटेसारख्या कढईत ओततात. फाटलेलं दूध मोडून तापवतात, मग तळाशी बसलेला गोळा दोघं जण फडक्यात धरून वर घेतात आणि सुरीने मधोमध कापतात. एका कढईतून अशी दोन जुळी चाकं निघतात. एका चाकाला साधारण 550 लिटर दूध लागतं. मिठाच्या पाण्यातून निघाल्यावर ते किमान 12 महिने फळीवर मुरतं, आणि मग तपासनीस येऊन छोट्या हातोडीने ठोकत कान लावून ऐकतो. आत पोकळी असेल तर आवाज बदलतो. माठ घेताना आपण बोटाने वाजवून बघतो, अगदी तसंच.

मोदेनाला बाल्सामिको, म्हणजे द्राक्षरसाचं व्हिनेगर, मुरवणाऱ्यांच्या घरी जायचं असेल तर तीही वेळ आधी मागून घ्या. माळ्यावर लहान होत जाणाऱ्या पिंपांची ओळ असते. शिजवलेला द्राक्षरस उन्हाळ्याच्या तापात आणि हिवाळ्याच्या गारठ्यात तिथे किमान 12 वर्षं मुरतो. ‘एक्स्ट्राव्हेकियो’ म्हणवायला 25 लागतात. असली पारंपरिक बाटली 100 मिलिलिटरचीच असते, खाली चौकोनी आणि वर गोल. तिचं बजेट वेगळं काढून ठेवा. त्याच दिवशी 1099 मध्ये बांधायला घेतलेलं कॅथेड्रल बघा. दर्शनी भिंतीवर विलिजेल्मोने कोरलेली बायबलमधली उत्पत्तीची कथा आहे.

शाकाहारी मंडळींनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. माझी आई कांदा-लसूण खाते, पण अंडं-मांस नाही, आणि तिच्यासाठी चौकशी करताना मी बरंच शिकलो. पार्मिजानोत वासराच्या जठरातलं रेनेट (दूध फाडणारं विरजण) असतं, त्याला पर्याय नाही. इथला ताजा पास्ता अंड्यात मळतात, साधारण 100 ग्रॅम पिठाला एक अंडं. तोर्तेल्लिनी या सारण भरलेल्या पास्त्यात डुकराचं मांस असतं आणि ते मांसाच्याच रश्शात वाढतात. पियादिना दिसायला आपल्या पोळीसारखी, पण पारंपरिक पिठात डुकराची चरबी पडते. काय चालतं आणि काय नाही हे घरीच ठरवा, टेबलावर बसून नको. कागदावर लिहून घ्या: ‘सेन्त्सा कार्ने’ म्हणजे मांस नको, ‘सेन्त्सा स्त्रूत्तो’ म्हणजे चरबी नको, ‘सेन्त्सा ऊओव्हा’ म्हणजे अंडं नको. अंडं आणि रेनेट चालणाऱ्यांनी पार्म्याचे पालेभाजी आणि रिकोत्ता या मऊ चीजचं सारण भरलेले तोर्तेल्ली आणि फेराऱ्याचे भोपळा भरलेले काप्पेल्लाच्ची सोडू नयेत. न चालणाऱ्यांना चीजविना पिझ्झा मारिनारा, तेलातली पियादिना, भाजलेल्या भाज्या आणि सुका पास्ता आहे. आईसाठी मेतकूट आणि भाजणी नेली होती, दोन रात्री तिचाच आधार झाला.

जेवणाच्या वेळा पाळा. दुपारी अडीचनंतर स्वयंपाकघर बंद होतं आणि रात्री साडेसातच्या आत उघडत नाही. बिलात ‘कोपेर्तो’, म्हणजे टेबलाचा आकार, म्हणून माणशी थोडे युरो लागतात, ती फसवणूक नव्हे.

बोलोन्यात एक सकाळ जुन्या बाजाराच्या गल्ल्यांसाठी ठेवा. पास्त्याच्या दुकानात लाटणारी बाई दिसली की थांबा. हातभराहून लांब लाटणं, लाकडी पाट, आणि कडेने खाली लोंबणारी पिवळी पोळी. ती इतकी पातळ हवी की तिच्यातून सान लुका दिसलं पाहिजे, असं तिथे म्हणतात. ते सान लुका म्हणजे टेकडीवरचं देऊळ, आणि तिथवर 666 कमानींची छपराखालची वाट चढत जाते, जवळजवळ चार किलोमीटर. म्हणून वळण पडलेले बूट न्या, नवे नकोत. गारिसेंदा बुरुजाच्या सुरक्षेसाठी 2023 मध्ये त्याचा परिसर बंद केला, तेव्हा शेजारच्या 97 मीटरच्या आसिनेल्ली बुरुजावर चढायचा बेत त्याची स्थिती बघूनच करा. त्याऐवजी सान पेत्रोनिओ चर्चमध्ये जमिनीवरची मध्यान्हरेषा बघा. 1655 मध्ये खगोलज्ञ कासिनीने ती आखली. छताच्या भोकातून उतरलेला उन्हाचा गोळा मध्यान्ही त्या रेषेवरून सरकतो. घड्याळात तेव्हा साधारण हिवाळ्यात सव्वाबारा आणि उन्हाळ्यात सव्वा वाजलेला असतो. चर्च त्या वेळी उघडं आहे ना, हे आदल्या दिवशी पाहा.

रावेन्नाचं तिकीट ऑनलाइन काढा, कारण रोमन सम्राज्ञी गाल्ला प्लाचिदियाच्या नावाच्या समाधिगृहात ठरल्या वेळेला मोजक्या माणसांनाच आणि मोजकी मिनिटंच सोडतात. आत शिरल्यावर पहिलं मिनिट फोन काढू नका. डोळे अंधाराला सरावले की निळ्या छतावर सोनेरी चांदण्या एकेक करून उमटायला लागतात. शेजारच्या सान व्हिताले चर्चसाठी (इ.स. 547) छोटी दुर्बीण बॅगेत टाका. सम्राज्ञी थिओडोराच्या मोज़ेकमधला काचेचा एकेक तुकडा तिच्यातून वेगळा दिसतो. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे हवेत, एक सुती ओढणी पुरते. कवी दान्ते 1321 मध्ये याच गावी वारला. समाधी लहानशी आहे, आणि आत जळणाऱ्या दिव्याचं तेल दरवर्षी फ्लोरेन्स पुरवतं, ज्या फ्लोरेन्सने त्याला हद्दपार केलं होतं.

परतीसाठी बॅगेत चार किलोंची जागा रिकामी ठेवा. चीज दुकानातच निर्वात पिशवीत बांधून मागा आणि किती महिने मुरलेलं हे विचारून घ्या. मला 24 महिन्यांचं सगळ्यांत आवडलं, दाताखाली त्याचे बारीक स्फटिक कुरकुरतात. बाल्सामिकोची बाटली मोज्यात गुंडाळून मोठ्या बॅगेच्या मधोमध ठेवा.