फ्रान्सच्या खेड्यात दोघांनीच राहायचं असेल तर

घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये राहणाऱ्या नवराबायकोच्या मधे खूप माणसं असतात. वॉचमन, कामवाल्या मावशी, इस्त्रीवाला, फोन केला की कोथिंबीर वर पाठवणारा भाजीवाला. फ्रान्सच्या खेड्यात यातलं कोणीच नाही, घरात तुम्ही दोघं आणि बाहेर शेतं. मी आणि नवरा क्रोझ जिल्ह्यात राहिलोय, देशाच्या साधारण मधोमध, पॅरिसच्या ऑस्टरलिट्झ स्टेशनवरून लिमोजकडे जाणारी गाडी पकडायची आणि ला सूतरेनला उतरायचं. आता नौपाड्यात परत आल्यावर बरेच जण विचारतात की आम्हालाही जायचंय, काय तयारी करू. तर माझं सगळ्यात ठाम सांगणं एकच, कामं वाटून घेतलीत तरी चालेल पण येत मात्र सगळं दोघांनाही पाहिजे. गाडी, भाषा, लाकडाची शेगडी, सरकारी कागद, सगळं.

भाषेपासून सुरू करा आणि इथूनच. बहुतेक घरात काय होतं, ज्याची नोकरी आहे तो फ्रेंच शिकतो आणि दुसरा म्हणतो तिथे गेल्यावर बघू. तिथे गेल्यावर काही होत नाही. मग डॉक्टरकडे स्वतःच्या पाळीबद्दल बोलायलासुद्धा नवऱ्याला पुढे बसवावं लागतं, आणि हळूहळू ती व्यक्ती फोन उचलणंच सोडून देते, हे मी जवळून बघितलंय आणि फार वाईट वाटतं. दोघांनी एकत्र क्लास लावा, निदान ए-टू लेव्हल, म्हणजे रोजचं साधं बोलता येण्याइतकं, होईपर्यंत. आणि दुकानात शिरताना बोंजूर म्हणायचं, आधी तेच, मग काय हवं ते. आपल्याकडे सरळ 'पाव किलो द्या' चालतं, तिथे ते उद्धट वाटतं.

कागदांचं काम ठाण्यात असतानाच उरका. जन्मदाखला आणि लग्नाचा दाखला दोघांचे अपोस्टिल करून घ्या, म्हणजे परदेशात चालावेत म्हणून सरकारी शिक्का मारून घ्या, दाखल्यावर आईवडिलांची नावं आहेत ना ते बघा, कारण तिथल्या सरकारी आरोग्य विम्यासाठी ते बघतात आणि फ्रेंच भाषांतर अधिकृत भाषांतरकाराकडूनच लागतं. लाँग स्टे व्हिसा असेल तर पोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत तो ऑनलाइन व्हॅलिडेट करायचा, दोघांचा वेगवेगळा, हे एकाचं करून दुसऱ्याचं राहतं. व्हिजिटर व्हिसावर फ्रान्समध्ये नोकरी करता येत नाही हे जाण्याआधी समजून घ्या. आणि पहिल्याच आठवड्यात गावच्या मेरीत, म्हणजे आपली ग्रामपंचायत समजा, जाऊन दोघांनी तोंड दाखवून या. लहान गावात ती आठवड्यातून थोडेच तास उघडी असते पण कचऱ्याच्या पिवळ्या डब्यापासून विहिरीच्या भानगडीपर्यंत सगळं तिथेच कळतं.

आता गाडी. खेड्यात बस म्हणजे बहुतेक शाळेचीच, बाकी काही धरू नका. आपलं लायसन्स राहायला गेल्यापासून एक वर्ष चालतं, सोबत फ्रेंच भाषांतर किंवा आरटीओतून काढलेलं इंटरनॅशनल परमिट ठेवायचं, त्यानंतर तिथलं लायसन्स लागतं. बायकोला कार चालवायची सवय नसेल तर निघण्याआधी ठाण्यातच रोज चालवा, गिअरची, कारण तिथे जुनी स्वस्त गाडी बहुतेक गिअरचीच मिळते. रस्त्याची बाजू उलटी हे सगळ्यांना माहीत असतं, पण उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं हा नियम लोक विसरतात आणि गावातल्या छोट्या गल्ल्यांत, जिथे काही पाटी नसते, तिथे तोच लागू असतो. गावाच्या नावाची पाटी दिसली की स्पीड ५०, त्याच नावावर लाल तिरकी रेघ दिसली की गाव संपलं, पुढे साध्या दुपदरी रस्त्यावर २०१८ पासून ८०, काही जिल्ह्यांनी परत ९० केलंय, म्हणून पाटी बघा.

थंडीबद्दल जरा सविस्तर सांगते कारण ठाण्यात बसून याची कल्पना येतच नाही. जुन्या दगडी घरात लाकडाची शेगडी असते, आणि लाकूड स्तेरवर विकतात, म्हणजे एक मीटर लांब ओंडके रचून एक घनमीटर होईल तेवढं. ऑर्डर थंडीत नाही, वसंतातच द्यायची. ओकचं लाकूड नीट वाळायला दीडदोन वर्षं लागतात, ओलं घेतलंत तर धूर होतो, ऊब कमी मिळते आणि धुराड्यात डांबरासारखा थर बसून तो पेटू शकतो. म्हणून धुराडं वर्षातून किमान एकदा साफ करून घ्यायचं आणि त्याचं सर्टिफिकेट जपून ठेवायचं, घराच्या विम्याला लागतं. धुराचा अलार्म २०१५ पासून प्रत्येक घरात सक्तीचा आहे, कार्बन मोनॉक्साइडचा तुम्ही स्वतःहून लावा, खरंच लावा. आणि शेगडी पेटवणं, राख काढणं, हवेची झडप कमी जास्त करणं दोघांनी शिकायचं, एक जण तापाने पडला की दुसऱ्याला थंडीत बसायला लागू नये.

स्वयंपाकघरात मात्र मजा आहे. जांभळी नाक्यावरून गोडा मसाला, हिंग, आमसुलं, जाडे पोहे भरून न्या, पण तूप, पेढे, खवा, कढीपत्ता बॅगेत टाकू नका, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दूधाचे पदार्थ आणि अशी हिरवी पानं नेता येत नाहीत. तुपाची गरजही नाही, तिथलं बिनमिठाचं लोणी कढवलं की घर दरवळतं. फ्रोमाज ब्लां नावाचं दह्यासारखं मिळतं, ते रात्रभर पंच्यात बांधून ठेवा, सकाळी श्रीखंडाचा चक्का तयार. बेसन आणि मसूर डाळ ऑरगॅनिक दुकानात असते, पोळीसाठी पिठाच्या पाकिटावर टी ११० किंवा टी १५० लिहिलेलं बघून घ्या, टी ५५ म्हणजे मैद्यासारखं. कुकर इंडक्शनचा स्टीलचा न्या. गॅस असेल तर १३ किलोचा सिलिंडर तुम्हालाच पेट्रोल पंपावरून गाडीत घालून आणायचा असतो. मिरची टोमॅटोची रोपं ११, १२, १३ मे होईपर्यंत बाहेर लावू नका, तिथले शेतकरी या ३ दिवसांनंतरच लावतात कारण तोवर रात्री दव गोठू शकतं.

रानातल्या अळंब्या गोळा केल्यात तर खाण्याआधी फार्मसीत नेऊन दाखवा, फार्मासिस्टना त्या ओळखायचं शिक्षण असतं. आपण शेवळं टाकळा विकायला बसणाऱ्या बायकांना विचारतोच ना. सप्टेंबर ते फेब्रुवारी शिकारीचा मोसम असतो तेव्हा रानात भडक रंगाचं जॅकेट घालूनच फिरा. दुकानं दुपारी १२ ते २ बंद, रविवारी दुपारनंतर बंद, सोमवारी बरीच बंद, त्यामुळे शनिवारी सामान भरून ठेवायचं.

आणि दोघांबद्दल. डिसेंबरमध्ये सूर्य साडेआठला उगवतो आणि पाचला मावळतो, अशा दिवसांत एकाच खोलीत एकमेकांची तोंडं बघत बसलं की क्षुल्लक गोष्टीवरून भांडणं होतात, कितीही प्रेम असलं तरी. गावोगावी १९०१ च्या कायद्याखालच्या छोट्या संस्था असतात, पायी भटकणाऱ्यांची, समूहगायनाची, गावजेवण करणाऱ्यांची. दोघांनी वेगवेगळ्या संस्थेत जा, एकाच नाही. ओळखी दुप्पट होतात आणि रात्री जेवताना एकमेकांना सांगायला काहीतरी असतं. शेजाऱ्यांनी संध्याकाळी आपेरोला, म्हणजे जेवणाआधीच्या ड्रिंक्सला, बोलावलं तर जा, पीत नसाल तर ज्यूस मागा, कोणी आग्रह करत नाही. जाताना घरची शंकरपाळी घेऊन जा.

शेवटचं, हे पहिल्या दिवशीच करा. अँब्युलन्स १५, पोलीस १७, फायर ब्रिगेड १८, आणि कुठूनही ११२. एक कागद फोनजवळ चिकटवा, त्यावर गावाचं नाव, वाडीचं नाव, मुख्य रस्त्यावरून कुठे वळायचं ते फ्रेंचमध्ये लिहा, आणि दोघांनी तो मोठ्याने वाचून एकमेकांना समजतोय का बघा. महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी १२ ला भोंगा वाजला तर घाबरू नका, ती टेस्ट असते.