वाकिझाशीवरचं नाव वाचताना

पुण्यात जपानी शिकून एन-2 (जपानी भाषेच्या परीक्षेची वरून दुसरी पातळी) झाले आणि नोकरीसाठी नागोयाला आले. जुन्या तलवारींच्या अभ्यासवर्गाला जायला लागले, तेव्हा कांजी (जपानीतली चिनी अक्षरं) येतात म्हणजे कारागिराची सही वाचता येईल, असं धरूनच चालले होते.

वाकिझाशी ही सामुरायची आखूड तलवार, पातं साधारण 30 ते 60 सेंटिमीटर. सही मुठीच्या आत, नाकागोवर, म्हणजे पात्याच्या मुठीत बसणाऱ्या शेपटीवर असते. मुठीतली बांबूची बारीक खिळी पितळी हातोडीने हलकेच ठोकून काढली की मूठ सुटते. टोक वर आणि धार डावीकडे धरली, की वाकिझाशीवरची सही बहुतेक वेळा समोर येते.

ऑफिसातल्या एका वयस्कर सहकाऱ्यांनी घरची वाकिझाशी वर्गात आणली. सही स्वच्छ होती: 'इझुमी नो कामी कानेसादा' (आधी पदवी, मग नाव). मला आनंद आवरेना. सेकी या तलवारींसाठी प्रसिद्ध गावचा कानेसादा म्हणजे 16व्या शतकाची सुरुवात! तिथल्या तिथे त्यांना सांगूनही टाकलं.

सेन्सेईंनी (वर्गाच्या शिक्षकांनी) सहीवर अंगठा ठेवला आणि विचारलं, "आता लोखंड काय सांगतं?" मग मी पहिल्यांदा गंजाकडे पाहिलं. पाचशे वर्षांचा गंज काळा, दाट, हाताला गुळगुळीत असतो. हा तपकिरी होता. खिळीचं भोकही अगदी गोल, यंत्राने पाडल्यासारखं. मागची बाजू मी पाहिलीच नव्हती. तिथे तारीख होती: केइओ या जपानी कालखंडाचं दुसरं वर्ष, आठवा महिना, म्हणजे 1866. (तारखांत दुसरा किंवा आठवा महिनाच फार भेटतो, ती प्रथाच होती.)

नाव तेच, पदवी तीच, पण हा आइझू प्रांतातला, तेच नाव पिढ्यान्‌पिढ्या चालवणाऱ्या घराण्यातला अकरावा कानेसादा. शोगुनच्या बाजूने लढलेल्या शिनसेनगुमी या पथकाचा उपप्रमुख हिजिकाता तोशिझो याची तलवार याच्याच हातची. सहकारी गप्प झाले. मग म्हणाले, "पणजोबा आइझूहूनच आले होते, लढाईनंतर." 1868 साली आइझूचा किल्ला पडला होता. मी सांगितलेल्या पाचशे वर्षांपेक्षा ही तारीख त्यांना कितीतरी जवळची होती.

नवीन शिकणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं: नाकागोवरचा गंज कधीही घासू नका. सही नीट दिसावी म्हणून ब्रश मारला, की वयाचा पुरावाच गेला. त्याऐवजी खोलीतला दिवा बंद करून एका बाजूने तिरपा उजेड टाका, छिन्नीचे घाव एकेक करून उठून येतात. घावाच्या आतला गंज बाहेरच्या गंजाशी जुळतो का, ते भिंगाखाली बघा. आत रंग ताजा वाटला, तर सही मागाहून कोरलेली असू शकते. नामांकित कारागिरांची नावं खोटी कोरायचा उद्योग जपानमध्ये शतकानुशतकं चालला आहे, अशा सहीला 'गिमेई' म्हणतात. अक्षरंही जुन्या वळणाची असतात. 'देश' या अर्थाची कांजी आपण शिकतो त्याहून जास्त रेघांची दिसते, तिथे अडखळू नका.

आणि तलवार उलटून मागची बाजू पाहिल्याशिवाय मालकाला एक शब्दही सांगू नका.