फ्यूजननंतर (मणके जोडण्याच्या शस्त्रक्रियेनंतर) शेजारच्या मणक्याला जपा
एल-४ आणि एल-५ (कंबरेचे चौथा आणि पाचवा मणके) स्क्रूने जोडले की तिथली हालचाल थांबते आणि वाकण्याचा ताण मुख्यतः वरच्या एल-३–एल-४ सांध्यावर जातो. कंबरेचा नैसर्गिक बाक कमी ठेवून मणके जोडले असतील तर जास्तच.

खालची वस्तू उचलताना खुबे आणि गुडघे वाकवा, वस्तू पोटाशी धरा. वळायचं तर पावलं फिरवा, कंबर पिळू नका. रोज चाला. तंबाखू, अगदी मशेरीसुद्धा, सोडाच.

काही वर्षांनी चालताना पाय भरून येऊ लागले आणि बसल्यावर बरं वाटलं, तर नस दबत असावी. एक्स-रे उभ्यानेच, पुढे-मागे वाकून काढा. झोपून काढलेल्यात मणक्याची घसरण लपू शकते.

लघवी अडली किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर तडक इस्पितळ गाठा.