ओपन सोर्स प्रकल्पात कारभारावरून फाटलं? सांधताना या चुका टाळा

ओपन सोर्स, म्हणजे खुल्या कोडच्या प्रकल्पात वाद पेटतो, चार मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारे) सोडून जातात, आणि उरलेले घाईने माफीपत्र काढून पुन्हा कोडकडे वळतात. पहिली चूक हीच. राग माणसांवर दिसला तरी मूळ प्रश्न बहुधा वेगळा असतो: निर्णय घेतो कोण, आणि तो चुकला तर दाद कुठे मागायची? नोव्हेंबर २०२१ मध्ये रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या मॉडरेशन टीमने (सदस्यांच्या वर्तनावर लक्ष ठेवणाऱ्या गटाने) एकत्र राजीनामा दिला. प्रकल्प चालवणारी कोअर टीम कोणालाच उत्तरदायी नाही, ही त्यांची तक्रार होती. माफीने हे सुटत नाही.

सर्वांत महागात पडतो तो मोघम हंगामी कारभार. रस्टची नवी रचना ठरेपर्यंत टीमप्रमुख आणि कोअर सदस्य एका खासगी गटातून काम पाहत होते. निर्णय पक्का कधी मानायचा, याची धड पद्धत नव्हती. त्यातूनच मे २०२३ मध्ये रस्टकॉन्फ या रस्टच्या परिषदेच्या एका वक्त्याचं प्रमुख भाषण ऐनवेळी साध्या भाषणावर आणलं गेलं. वक्त्याने माघार घेतली आणि सावरत आलेला विश्वास पुन्हा ढासळला. म्हणून हंगामी गट नेमतानाच त्याचे सदस्य, अधिकार, हरकतीची मुदत आणि बरखास्तीची तारीख लिहून जाहीर करा. तारीख नसलेली हंगामी व्यवस्था कायमची होऊन बसते.

निवडणुकीची घाईही नको. पायथन या प्रोग्रामिंग भाषेचे निर्माते गिडो व्हान रॉसम जुलै २०१८ मध्ये तिच्या नेतृत्वावरून पायउतार झाल्यावर कोअर डेव्हलपरांनी आधी कारभाराच्या सात प्रस्तावांवर मतदान केलं आणि मगच पाच जणांची स्टीअरिंग कौन्सिल (सुकाणू समिती) निवडली. एकाच कंपनीचे दोनपेक्षा जास्त सदस्य नकोत, ही अट तिथे आहे. ती जरूर उचला.

नव्या समितीवर लक्ष कोण ठेवणार, हे विसरलं की पुन्हा पहिले पाढे. रस्टने २०२३ च्या रचनेत यावर चांगला उपाय केला: मॉडरेशन टीम आणि लीडरशिप कौन्सिल (कोअर टीमच्या जागी आलेली समिती) या दोन्हींच्या बाहेरचे किमान तीन राखीव मॉडरेटर, नावं जाहीर. या दोघांतच तंटा झाला तर पडताळणी ते करतात.

शेवटी किल्ल्या तपासा. सनद कितीही चांगली असली, तरी डोमेन, पॅकेज प्रकाशनाचे हक्क आणि साइनिंग की (प्रकाशनावर डिजिटल सही करायची किल्ली) एकाच जुन्या खात्यात असतील, तर खरी सत्ता तिथेच राहते. प्रत्येक खात्यावर वेगवेगळ्या कंपन्यांतले निदान दोघे हवेत. सोडून गेलेल्यांचे हक्क काढताना त्यांना आधी कळवा, आणि परत यायची वाट काय हेही त्याच पत्रात लिहा.